शाळेत बायबल : टीकेविना आणि टीकेसह

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या इंग्रजीच्या तासाला घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखाला कारण झाला. बेकनचा सत्याविषयीचा निबंध सुरू झाला होता. त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात पिलाताचा उल्लेख येतो. सरांनी पुस्तक मिटून विचारले, "हा पिलात कोण?" साठ-सत्तर जणांचा वर्ग, पण कोणालाच उत्तर येईना. मग सगळ्यांच्या माना आपोआप एका बाकाकडे वळल्या. त्या बाकावर आमचा एक ख्रिस्ती वर्गमित्र बसतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला, अबोल मुलगा. तो नाइलाजाने उभा राहिला. पिलात हा रोमन सुभेदार, येशूचा खटला त्याच्यापुढे चालला, येशूने सत्याविषयी साक्ष देण्याची गोष्ट काढली तेव्हा त्याने उलट प्रश्न केला, असे त्याने तीन-चार वाक्यांत सांगितले. तो खाली बसतो न बसतो तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "आता प्रार्थनाही होऊन जाऊ द्या!" वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो.

तास संपल्यावर व्हरांड्यात तो मला म्हणाला, "अरे, प्रश्न बेकनचा होता, माझ्या धर्माचा नव्हता. उत्तर तुम्हां कोणाला येईना म्हणून मी उभा राहिलो, आणि हसलात मात्र मलाच."

त्याच्या या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. धर्मग्रंथ वर्गात शिकवता येतो काय? आणि येत असेल तर वर्गाचे देऊळ न होता, आणि कोणाच्या श्रद्धेची टवाळीही न होता, तो कसा शिकवावा? या प्रश्नाचा शोध घेताना मला असे आढळले की अमेरिकेत या एका प्रश्नावर गेली पावणेदोनशे-दोनशे वर्षे वाद चालू आहे. त्यावर दंगली झाल्या आहेत, खटले झाले आहेत, कायदे झाले आहेत. तेथील अनुभव आपणांसही विचार करण्याजोगा वाटला, म्हणून तो येथे थोडक्यात मांडत आहे.

एक ग्रंथ, दोन भाषांतरे आणि एक दंगल

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सरकारी खर्चाने चालणाऱ्या सार्वजनिक शाळा वाढू लागल्या. या शाळांत बायबल वाचले जावे याबद्दल बहुसंख्य प्रॉटेस्टंट लोकांच्या मनात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की प्रॉटेस्टंटांतही अनेक पंथ. मग कोणत्या पंथाचा अर्थ मुलांना सांगायचा? यावर एक तोडगा निघाला. बायबल वाचावे, पण त्यावर शिक्षकाने काहीही बोलू नये. टीप नाही, भाष्य नाही. ग्रंथ स्वतःच बोलेल. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षणमंडळाचे पहिले सचिव होरेस मान यांच्यासारखा उदारमतवादी शिक्षणतज्ज्ञही याच मताचा होता. टीकेविना वाचन म्हणजे निःपक्षपाती वाचन, अशी त्या काळची प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत फिलाडेल्फिया शहरात उघडी पडली. या शहरात आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक लोकांची वस्ती वाढली होती. शाळांत वाचले जाई ते १६११ सालचे राजा जेम्सच्या नावाने ओळखले जाणारे प्रॉटेस्टंट भाषांतर. कॅथलिकांचे इंग्रजी भाषांतर वेगळे होते. त्याला डुए येथील भाषांतर म्हणतात. त्यात ग्रंथांची संख्या अधिक, आणि पानोपान चर्चने मान्य केलेली टिपणे. कॅथलिकांच्या दृष्टीने टिपणांवाचून, परंपरेवाचून धर्मग्रंथ वाचणे हीच मुळी प्रॉटेस्टंटांची रीत! म्हणजे ज्याला एक बाजू निःपक्षपाती म्हणत होती, तेच दुसऱ्या बाजूला पंथप्रचार वाटत होते. १८४२ साली बिशप केनरिक यांनी शाळाखात्याकडे मागणी केली की कॅथलिक मुलांना त्यांचे स्वतःचे भाषांतर वाचू द्यावे. या साध्या मागणीचे रूपांतर 'कॅथलिक लोक शाळांतून बायबल हद्दपार करणार' अशा आवईत झाले. परकीयांविषयीचा द्वेष आधीच धुमसत होता. १८४४ च्या मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये शहरात दंगली उसळल्या. दोन कॅथलिक चर्चेस जाळली गेली. दोन्ही वेळचे मिळून वीसच्या आसपास माणसे मेली. दंगलीला केवळ बायबल कारणीभूत नव्हते, नोकऱ्यांची चढाओढ आणि राजकारणही होते. तथापि ठिणगी पडली ती शाळेतल्या वाचनावरून.

या दंगलीला शंभरावर वर्षे लोटली. मग त्याच फिलाडेल्फियाच्या उपनगरातील एका शाळेत पुढचा अंक घडला.

अ‍ॅबिंग्टनचा विद्यार्थी

पेनसिल्व्हेनिया राज्यात असा कायदा होता की प्रत्येक सार्वजनिक शाळेत दिवसाच्या आरंभी बायबलमधील किमान दहा वचने वाचली जावीत, आणि तीही कोणत्याही टीकेविना. अ‍ॅबिंग्टन येथील माध्यमिक शाळेत ही वचने ध्वनिक्षेपकावरून वर्गावर्गांत ऐकवली जात. त्यानंतर सर्व विद्यार्थी उभे राहून ख्रिस्ती प्रार्थना म्हणत. १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात एलरी शेम्प नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने एक गोष्ट केली. वचने चालू असताना तो कुराणाची प्रत उघडून स्वतःशी वाचत बसला आणि प्रार्थनेला उभा राहिला नाही. तो मुसलमान नव्हता. त्याचे घर युनिटेरियन पंथाचे होते. बायबल हाच एक पवित्र ग्रंथ आहे असे शाळेने आपल्यावर लादू नये, एवढेच त्याला दाखवायचे होते. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवण्यात आले. पुढे त्याच्या कुटुंबाने खटला भरला.

या खटल्यातील साक्षी मला फार बोलक्या वाटल्या. दरम्यान कायद्यात दुरुस्ती होऊन पालकाने चिठ्ठी दिल्यास मुलाला वाचनातून सूट मिळू लागली होती. मग तक्रार कसली? यावर एलरीच्या वडिलांनी सांगितले की सूट मागितली तर आमची मुले शिक्षकांच्या आणि सोबत्यांच्या नजरेत विचित्र ठरतील. हे वाचताना मला आमच्या वर्गातल्या वळलेल्या माना आठवल्या. मोकळीक कागदावर असते. पण वर्गातल्या मुलाला ती वापरायची म्हणजे सगळ्यांच्या देखत वेगळे व्हावे लागते.

दुसरी साक्ष ज्यू धर्माच्या एका विद्वानाची, सॉलोमन ग्रेझेल यांची. नव्या करारातील काही भाग स्पष्टीकरणावाचून नुसते वाचून दाखवले तर ज्यू मुलाच्या मनावर घाव होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. येशूच्या मृत्यूचा दोष ज्यूंवर ठेवणारे उतारे नव्या करारात आहेत. ते कोणत्या काळात, कोणत्या भांडणातून लिहिले गेले हे न सांगता सकाळी सकाळी ध्वनिक्षेपकावरून ऐकवायचे, म्हणजे वर्गातल्या ज्यू मुलाला आरोपी करून बसवायचे.

तिसरी साक्ष शाळेच्या बाजूने होती. ल्यूथर वीगल हे बायबलच्या १९५२ साली पूर्ण झालेल्या सुधारित इंग्रजी भाषांतराचे प्रमुख. बायबल हा पंथातीत ग्रंथ आहे असे त्यांनी सांगितले. पण उलटतपासणीत खुलासा झाला की पंथातीत म्हणजे ख्रिस्ती पंथांच्या मर्यादेत!

१७ जून १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला. बाल्टिमोर शहरातील असाच एक खटला याच्याबरोबर जोडलेला होता. सरकारी शाळेत असे बायबलवाचन व प्रार्थना हा सरकारने घडवून आणलेला धार्मिक विधी आहे. तो राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीशी विसंगत आहे. सुटीची सोय ठेवल्याने तो निर्दोष होत नाही. हा झाला निकालाचा अर्धा भाग, आणि सामान्यतः लोकांच्या लक्षात तेवढाच राहिला. 'न्यायालयाने बायबल शाळेबाहेर काढले' अशी ओरड तेव्हा झाली आणि आजही होते.

परंतु त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी दुसरा अर्धा भागही लिहिला आहे. धर्मांचा तौलनिक अभ्यास, धर्मांचा इतिहास, आणि साहित्य व इतिहास या दृष्टींनी बायबलचा अभ्यास यांना या निकालाची आडकाठी नाही. तो अभ्यास ऐहिक शिक्षणक्रमाचा भाग म्हणून, वस्तुनिष्ठपणे झाला पाहिजे, एवढीच अट. किंबहुना धर्माचा परिचय नसलेले शिक्षण अपुरे म्हणावे लागेल, असाही त्यांचा सूर आहे.

आता या दोन्ही भागांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गंमत लक्षात येते. ज्या वाचनाला न्यायालयाने मना केले ते 'टीकेविना' होते. आणि ज्याला वाट मोकळी ठेवली ते 'टीकेसह' आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला निःपक्षपातीपणाची खूण मानले होते तीच विधीची खूण ठरली. ग्रंथ नुसता म्हणायचा, त्याबद्दल काही विचारायचे नाही, हे पठण. ग्रंथ वाचायचा आणि त्याबद्दल विचारायचे, हे अध्ययन.

'टीका' म्हणजे काय?

आपल्या मराठीत 'टीका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दोष काढणे; दुसरा भाष्य करणे, अर्थ उलगडणे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे असे आपण म्हणतो तेव्हा ज्ञानेश्वरांनी गीतेचे दोष काढले असे कोणी समजत नाही. पण धर्मग्रंथाचा अभ्यास म्हटला की हा दुसरा अर्थ आपण विसरतो आणि श्रद्धावान माणूस घाबरतो, तर अश्रद्ध माणूस बाह्या सरसावतो. अध्ययन या दोघांपेक्षा वेगळे आहे.

वर्गात हे प्रत्यक्ष कसे दिसेल? काही उदाहरणे देतो.

बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, पुस्तकांचा संग्रह. पण किती पुस्तकांचा? प्रॉटेस्टंट बायबलात ६६, कॅथलिक बायबलात ७३. ज्यूंना नवा करार मान्यच नाही. आणि जो जुना करार, तो त्यांच्या मोजणीने २४ ग्रंथांचा असून त्यांचा क्रमही निराळा. ख्रिस्ती क्रमात जुना करार मलाखी या संदेष्ट्यावर संपतो, म्हणजे पुढे येणाऱ्याची वाट पाहत संपतो. ज्यू क्रमात तो इतिहासाच्या ग्रंथावर, यरुशलेमेला परत जाण्याच्या परवानगीवर संपतो. तीच पाने, पण मांडणी बदलली की कथेचा शेवट बदलतो. दहा आज्ञा सर्वांच्याच दहा; पण पहिली कोणती आणि दुसरी कोणती यात ज्यू, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या मोजणीत फरक आहे. तेव्हा 'शाळेच्या भिंतीवर दहा आज्ञा लावा' असे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की कोणाच्या दहा?

दुसरे उदाहरण 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथाचे. पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री-पुरुष एकत्र निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष, मग झाडे आणि प्राणी, आणि शेवटी स्त्री. मूळ हिब्रूत देवासाठी योजलेली नावेही दोन्हीकडे सारखी नाहीत. येथे तीन प्रकारचे शिक्षक संभवतात. एक विचारील, "देवाने कोणत्या दिवशी काय निर्माण केले ते पाठ म्हणून दाखवा." दुसरा म्हणेल, "बघा, कशा परस्परविरोधी भाकडकथा!" तिसरा विचारील, "हा फरक तुम्हांस कोठे कोठे दिसतो? ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेने त्याची संगती कशी लावली? आधुनिक अभ्यासक येथे दोन वेगवेगळे स्रोत का मानतात?" पहिला शिक्षक पुरोहित झाला, दुसरा प्रतिपुरोहित. शिक्षक तिसराच.

तिसरे उदाहरण भाषांतराचे. यशयाच्या सातव्या अध्यायात एक हिब्रू शब्द आहे, 'अल्मा'. त्याचा अर्थ तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियात ज्यूंनी ग्रीक भाषांतर केले तेव्हा तेथे 'पार्थेनोस', म्हणजे सामान्यतः कुमारी, हा शब्द आला. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाने तो ग्रीक शब्द येशूच्या जन्माशी जोडला. १९५२ च्या ज्या इंग्रजी भाषांतराचे प्रमुख वर उल्लेखिलेले वीगल होते, त्यात यशयाच्या त्या ओळीत 'तरुण स्त्री' असा शब्द घातला गेला, तेव्हा अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळले. एका शब्दाच्या भाषांतरावर केवढे अवलंबून असते हे शिकवण्यास भाषेच्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण कोठे मिळेल? आणि हे शिकवण्यासाठी मरीया कुमारी होती किंवा नव्हती याचा निवाडा वर्गात करावा लागत नाही.

चौथे उदाहरण इतिहासाचे. अमेरिकेतील काळ्या गुलामांनी मोशे आणि इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएल लोकांच्या कथेत स्वतःची कथा पाहिली. त्यांची गाणी त्या कथेने भरलेली आहेत. त्याच वेळी गुलामांचे मालक नोहाच्या शापाच्या कथेतून गुलामगिरीचे समर्थन काढत होते. १९६३ च्या जूनमध्ये वरील निकाल लागला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनला जे प्रसिद्ध भाषण केले त्यात आमोस आणि यशया या संदेष्ट्यांचे शब्द आहेत. हे संदर्भ ज्याला कळत नाहीत त्याला ते भाषण अर्धेच कळते. मिल्टनचे महाकाव्य, हँडेलची संगीतरचना, मायकेलअँजेलोची छतावरील चित्रे यांबद्दलही तेच.

रेषा कोठे पुसली जाते?

कायद्याने वाट मोकळी केली म्हणजे काम झाले असे नाही. पुढच्या साठ वर्षांचा अमेरिकेतील अनुभव सांगतो की 'अभ्यास' ही पाटी लावून आत पठणच चालवणे फार सोपे असते.

टेनेसी राज्यातील रे काउंटीत प्राथमिक शाळेतील मुलांना दर आठवड्याला बायबलचा पाठ देण्यासाठी जवळच्या ख्रिस्ती महाविद्यालयातील विद्यार्थी येत असत. मुलांना गोष्टी खऱ्या घडलेल्या म्हणून सांगितल्या जात. २००२ साली न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले आणि २००४ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. १९२५ साली उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल ज्या गावात स्कोप्स या शिक्षकावर प्रसिद्ध खटला झाला, ते डेटन गाव याच काउंटीतले!

फ्लोरिडातील ली काउंटीत 'बायबलचा इतिहास' या नावाने दोन अभ्यासक्रम आखले गेले, एक जुन्या कराराचा आणि एक नव्या कराराचा. १९९८ साली न्यायालयाने पहिला देखरेखीखाली चालू दिला, दुसरा रोखला. येशूचे पुनरुत्थान ही श्रद्धेची गोष्ट आहे. ती सनावळीतली घटना म्हणून सरकारी शाळेत कशी शिकवणार, हा पेच होता. 'ख्रिस्ती लोक असे मानतात की' हे पाच शब्द वाक्याच्या आरंभी असणे वा नसणे यावर सारा फरक पडतो.

जॉर्जिया राज्याने २००६ साली आणि टेक्सासने २००७ साली बायबलच्या ऐच्छिक अभ्यासक्रमासाठी कायदे केले. टेक्सासमधील शाळांत प्रत्यक्ष काय शिकवले जाते याची पाहणी मार्क चान्सी या बायबलच्या प्राध्यापकांनी केली, तेव्हा काही वर्ग उत्तम, तर काही वर्ग निव्वळ रविवारच्या धर्मशाळेसारखे आढळले. कारण साधे होते. अनेक शिक्षकांना या विषयाचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेलेच नव्हते. त्यांना जे बायबल ठाऊक होते ते त्यांच्या चर्चमधले. वाईट हेतू असण्याची गरजच नाही, अज्ञान पुरते.

अलीकडे तर वारा उलट दिशेनेही वाहतो आहे. २०२४ च्या जूनमध्ये ओक्लाहोमा राज्याच्या शिक्षणप्रमुखांनी पाचवी ते बारावीच्या वर्गांत बायबल शिकवण्याचा आदेश काढला; २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी आलेल्या नव्या प्रमुखांनी तो मागे घेतला. आदेशाने अभ्यास होत नाही. अभ्यासाला शिक्षक लागतो.

याउलट कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो शहराचे उदाहरण आहे. हे गाव धार्मिक वृत्तीचे, आणि नाना देशांतून आलेल्या लोकांचे. तेथे २००० सालापासून नववीच्या सर्व विद्यार्थ्यांना जगातील धर्मांचा एक छोटा अभ्यासक्रम सक्तीचा करण्यात आला. आरंभी धार्मिक स्वातंत्र्याचा अर्थ शिकवायचा, मग एकेका धर्माचा परिचय. एकच ग्रंथ का, या आक्षेपाला हे एक उत्तर आहे. माझ्या मते दोन्हींना जागा आहे. जगाच्या धर्मांची तोंडओळख सर्वांना हवी, आणि साहित्य वा इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखाद्या ग्रंथात खोल उतरण्याची सोयही हवी.

आपल्याकडे

भारताच्या राज्यघटनेतील २८ वे कलम सांगते की पूर्णतः सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाला, विचारल्यावाचून त्यात भाग घ्यायला लावता येणार नाही. पण 'धार्मिक शिक्षण' म्हणजे काय? कोठारी आयोगाने (१९६४-६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला, आणि दुसऱ्याची शिफारस केली. १९७१ साली पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असे म्हटले. २००२ साली अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने सर्व धर्मांच्या परिचयाला २८ व्या कलमाची आडकाठी नाही असा निर्वाळा दिला. त्या निकालात आपल्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीच्या १९९९ च्या अहवालाचा आधार घेतलेला आहे. मात्र परिचयाच्या नावाखाली प्रचार शिरू नये, ही रेषा बारीक आहे, असा इशाराही त्यात आहे. अमेरिकेतल्या अनुभवावरून तो इशारा किती योग्य आहे ते दिसतेच.

आणि कायद्याचे राहू द्या. आपण हे काम वर्षानुवर्षे करतच आलो आहोत. मराठीच्या वर्गात ज्ञानेश्वरी शिकवली जाते, तुकारामांचे अभंग शिकवले जातात, महानुभावांचे लीळाचरित्र आद्य गद्यग्रंथ म्हणून अभ्यासले जाते. वर्गात कोणी हात जोडून बसत नाही, आणि वारकरी घरातल्या मुलाला आपली माउली बाटली असेही वाटत नाही. उलट ओवीचे वजन, शब्दाची जुनी रूपे, दृष्टान्तामागचा संसार कळला म्हणजे त्याचाही आनंद वाढतो. आमच्या त्या मित्राने गेल्या वर्षी ज्ञानेश्वरीवर लिहिलेल्या टिपणाला सरांनी वर्गात वाचून दाखवण्याचा मान दिला होता. तेव्हा मात्र कोणी मागून ओरडले नव्हते, ही गोष्ट मला आज जास्त टोचते.

बायबलही आपल्याला परके नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने जुन्या-नव्या कराराची कथा मराठी ओवीत रचून ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. बंगालमधील श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ही सारी मराठी भाषेची मिळकत आहे. ती फक्त चर्चच्या कपाटात का असावी?

मिशनच्या शाळांत पूर्वी बायबलचा तास असे, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकतो. कित्येक हिंदू मुलांना त्यातून इंग्रजी उत्तम आले. कित्येक घरांत मुलगा हातचा जाईल अशी भीतीही होती. ती भीती निराधार नव्हती, कारण त्या तासाचा हेतूच श्रद्धा देण्याचा होता. म्हणून आजही कोणी बायबलचे नाव काढले की मागच्या बाकावरून आवाज येतो. त्या आवाजाला केवळ दटावून भागणार नाही. तास कशाचा आहे ते दाखवून द्यावे लागेल.

ते कसे दाखवायचे? मला एक कसोटी सुचते. परीक्षेचा प्रश्न असा असावा की त्याचे उत्तम उत्तर हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती वा नास्तिक कोणताही विद्यार्थी आपला विश्वास न बदलता आणि न लपवता लिहू शकेल, आणि उत्तर तपासणाऱ्याला ते कोणाचे आहे हे ओळखता येणार नाही. असे असेल तो अध्ययनाचा तास. नसेल तर पाटी कोणतीही असो, तो पठणाचा तास. ही कसोटी बायबलला लागू आहे, तशीच गीतेला आणि कुराणालाही. आपल्या आवडत्या ग्रंथाला ती लावताना आपला हात कापतो काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

परवा ग्रंथालयात मी योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढून त्या मित्राकडे गेलो आणि म्हटले, "पिलाताच्या प्रश्नाला येशू येथे उत्तर देत नाही, हे कसे?" तो थोडा वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "इतकी वर्षे ऐकतो आहे, पण हे मी कधी विचारले नव्हते. इतर तीन शुभवर्तमानांत हा प्रश्न आहे काय ते पाहू या." आम्ही पाहिले. मत्तय, मार्क, लूक यांत तो प्रश्नच नाही; फक्त योहानात आहे. का असावा, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. ग्रंथपालांनी दोनदा हटकले.

त्या अर्ध्या तासात तो माझ्यापेक्षा अधिक श्रद्धावान होता आणि मी त्याच्यापेक्षा अधिक अनभिज्ञ. पण पान एकच होते आणि प्रश्नही एकच होता. आमच्या वर्गात त्या दिवशी हेच व्हायला हवे होते.